हात वर करून बंद ठेवलेली शाळा

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस मुळात आमच्या घरात राहणारा नव्हताच. नानाकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, टाळेबंदीच्या जेमतेम आदल्या आठवड्यात चार दिवस हवापालट म्हणून मुंबईहून आमच्याकडे मांडवीला आले, आणि मग गाड्याच बंद झाल्या. पडवीतली हात असलेली एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी ताब्यात घेतली, टीव्हीचं तोंड खिडकीतून आपल्याकडे वळवून घेतलं आणि तिथून ते जगाचा कारभार बघू लागले. सकाळी डोळे उघडल्यापासून बातम्या चालू. बातम्यांच्या वरताण त्यांच्या फोनवरचे व्हिडिओ चालू. कोणी डॉक्टर सांगतोय वाफ घ्या, कोणी सांगतोय वाफ घेऊ नका, आणि काका दोघांनाही मान डोलावतायत. रिटायर होईपर्यंत त्यांनी एका कंपनीच्या गोडाऊनवर काम केलं होतं, पण त्या काळात त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं की विषाणूचा शोध यांच्याच टेबलावर लागला.

घराला तेव्हा एकच वास होता, काढ्याचा. लवंग, दालचिनी, सुंठ, तुळस, गवती चहा आणि काकांना फोनवर त्या दिवशी जे जे कळलं असेल ते ते त्यात पडायचं. आई मुकाट्यानं उकळायची आणि आम्ही नाक दाबून प्यायचो. जेवायला कुळथाची पिठी आणि भात, नाहीतर सुके बोंबील भाजून त्यांची चटणी आणि तांदळाची भाकरी. बाजार बंद, होड्या बंद, ताजं म्हावरं नाही. किनाऱ्यावर राहून सुकं खायचं याचा बाबांना फार कमीपणा वाटे. ते एका ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट चालवायची आणि खलाशांना सांभाळायचं काम त्यांचं. इंजिनांचा आवाज नसलेला समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लोक त्या शांततेवर कविता करत होते. आमच्याकडे त्या शांततेत बाबा रिकामे बसून जाळ्याच्या नसलेल्या गाठी तपासत होते.

मग एक दिवस होड्या सुटल्या. त्यावर कुठे सभा झाली नाही. आठ-दहा माणसं एका केबिनमध्ये एकमेकांच्या पायाशी डोकी ठेवून झोपणार, एकाच पातेल्यातलं जेवणार, त्यांचं काय होईल असं नानाकाकांनी एकदाही विचारलं नाही. पहिला पापलेट घरात आला तेव्हा मधला तुकडा त्यांच्या ताटात होता. पुढं दारूची दुकानं उघडली, सलून उघडली, किनाऱ्यावरच्या भेळेच्या गाड्या उघडल्या, लग्नं लागू लागली. मुंबईच्या गाड्याही सुटल्या, काका मात्र हलले नाहीत. एकेक दार उघडत गेलं आणि प्रत्येक दाराशी काहीतरी कारण होतं, पोटाचं, धंद्याचं, मुहूर्ताचं. एक शाळेचं दार तेवढं राहिलं. तिच्यात कुणाचं काही अडकलेलं नव्हतं, मुलं सोडून.

मी आठवीत असताना शाळा बंद झाली आणि नववी मोबाईलवर आली. घरात नेट चालणारा फोन एकच, तो काकांचा, कारण बाबांचा फोन बोटीवर जायचा. काकांच्या व्हिडिओंमधून वेळ उरला की मला बीजगणित. माझा धाकटा भाऊ ओमकार त्याच वर्षी पहिलीत गेला, म्हणजे कागदावर गेला. शाळा ही फोनच्या आत असते आणि बाईंचा आवाज बंद करायचं बटण असतं, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. एकदा आई त्याला जेवायला हाक मारत होती तर त्यानं आईकडे बघून हवेत बोटानं ते बटण दाबलं. काका हसले आणि म्हणाले, "बघा, टेक्नॉलॉजी किती लवकर शिकतात आताची पोरं."

माझी मैत्रीण सानिका आमच्या मागच्या आळीत राहायची. तिला वडील नव्हते. आई, सुमनमावशी, मच्छीमार्केटात पाटी घेऊन बसायची. त्यांच्याकडे नेटचा फोन नव्हता, त्यामुळं सानिका सुरुवातीला आमच्याकडे यायची आणि आम्ही दोघी काकांच्या फोनवर डोकं जोडून तास ऐकायचो. एक दिवस काका पडवीतूनच तिला म्हणाले, "तुझी आई मार्केटात चार माणसांत बसते. तू इकडं येऊ नको गो. आमच्या घरात वयस्कर माणूस आहे." वयस्कर माणूस म्हणजे ते स्वतः. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे जेटीवर गेले आणि पाच-सहा जणांच्यात बसून तंबाखू मळत शिळ्या बातम्या ताज्या करून आले. सानिका मात्र परत आली नाही. थोड्या दिवसांनी आईनं सांगितलं की ती कोळंबी सोलायला कंपनीत जाते. पहाटे कंपनीची गाडी येते, बायकापोरींना घेऊन जाते आणि उतरत्या उन्हाला आणून सोडते. वय विचारलं तर अठरा सांगायचं असं तिला शिकवून ठेवलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला बघून अठरा लिहून घेणारा माणूसही तिथं होताच.

आज मी देवरूखला कॉलेजात आहे. या वयात आठवणी लिहायला बसलेल्या मुलीला लोक हसतात, आधी काहीतरी जगून घे म्हणतात. हसू देत. शाळा उघडायची की नाही यावर पुढं जी सभा झाली, तिच्यात बोललेली माणसं अजून धडधाकट आहेत आणि रोज किनाऱ्यावर फिरायला येतात. त्यांच्या देखत लिहिलेलं मला जास्त बरं वाटतं.

थंडीच्या दिवसांत सरकारनं सांगितलं की वरचे वर्ग भरवायला हरकत नाही, पण पालकांची संमती पाहिजे. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, अण्णासाहेबांना, संमती हा शब्द फार आवडला. संमती घ्यायची म्हणजे सभा घ्यायची, आणि सभा म्हटली की ते अध्यक्षस्थानी. शाळेच्या हॉलमध्ये सभा घेता येत नव्हती, कारण शाळा बंद होती. म्हणून मंगल कार्यालय घेतलं. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. दारावर थर्माकोलची नवरा-नवरीची नावं तशीच होती, खुर्च्यांखाली अक्षता होत्या, आणि आत शिरल्या शिरल्या जिलबीच्या पाकाचा आंबूस वास येत होता. खुर्च्या लांबलांब मांडल्या होत्या. पहिल्या पाच मिनिटांत लोकांनी त्या ओढून ओळखीपाळखीप्रमाणे जवळ घेतल्या. उशिरा आलेले भिंतीला टेकून खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मास्क सगळ्यांना होते, बहुतेकांचे हनुवटीवर. अशा त्या भरगच्च दालनात, मुलांनी एका खोलीत एकत्र बसणं किती धोक्याचं आहे यावर दोन्ही बाजूंनी चर्चा सुरू झाली.

मी आईबरोबर गेले होते. नानाकाका पालक नव्हते, पण त्यांना कोण अडवणार. ते पुढच्या रांगेत बसले आणि पहिलं भाषण त्यांचंच झालं. "वर्ष वाया गेलं तर वर्ष परत येतं," ते म्हणाले. "जीव परत येत नाय. ही पोरं शाळेत जाणार, तिथून घरी आणणार, आणि भोगायचं कुणी? घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी." टाळ्या पडल्या. आईनं माझ्याकडे बघितलं नाही, पदराचं टोक मात्र बोटाला घट्ट गुंडाळलं.

एक वकील पालक उठले आणि त्यांनी विचारलं की उद्या एखाद्या मुलाला लागण झाली तर जबाबदारी कोणाची. मुख्याध्यापक म्हणाले, संस्थेची. अण्णासाहेब म्हणाले, संस्था फक्त मार्गदर्शन करते, जबाबदारी पालकांची. पालक म्हणाले, सरकारची. बराच वेळ तो शब्द चेंडूसारखा दालनात फिरत राहिला आणि कुणीही तो हातात ठेवला नाही.

शाळा उघडा म्हणणारेही काही कमी नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या बाजूचे असूनही मला त्यांची लाज वाटली. एकाच्या गाड्या शाळेला लावलेल्या होत्या आणि त्या दारात उभ्या राहून गंजत होत्या. एक बाई म्हणाल्या, दिवसभर घरात पोरं म्हणजे डोक्याला ताप, आमाला पण माणसासारखं जगायचंय. एकजण तर ठासून सांगत होते की रोगच खोटा आहे, मास्कवाल्यांनी पैसे खाण्यासाठी काढलेला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत ज्या घरातून प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं होतं त्या घरातला माणूस बसला होता. त्यानं फक्त खुर्ची थोडी बाजूला घेतली. त्या सगळ्या सभेत अंतर पाळलेलं मी तेवढंच पाहिलं.

मग गुरव बाई उठल्या. त्या आम्हांला गणित शिकवायच्या. गणपतीच्या सुमारास त्यांचे मिस्टर याच रोगानं गेले होते. सिव्हिल हॉस्पिटलात ते आत आणि बाई बाहेर रिक्षात, असं सगळं. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, वर्गातही नाही, त्यामुळं दालन हळूहळू गप्प झालं.

"बंद खोलीत पन्नास मुलं बसवायला माझी संमती नाही," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय, म्हणून सांगते." एवढं बोलून त्या बसल्या.

टाळ्या झाल्या नाहीत, पण नानाकाकांनी मागं वळून अशी मान हलवली की जणू बाईंनी त्यांचंच वाक्य सांगितलं. मला बाईंचा राग आला नाही. येऊ शकला नाही. बाकीच्यांची भीती उसनी होती, टीव्हीवरून आणलेली. बाईंची त्यांची स्वतःची होती. पण काकांची ती मान बघून मी उठून उभी राहिले.

"मला विचारायचं आहे," मी म्हटलं. "आमच्या वर्गातल्या मुली कंपनीत कोळंबी सोलायला जातात. तिथं टेबलाला बायका चिकटून उभ्या असतात. दारं बंद असतात, एसी असतो. तिथं कुणी संमती विचारली नाही. शाळेत आम्ही गेलो तरच मरतो का?"

अण्णासाहेब हसले. त्यांचं समुद्राकडे तोंड असलेलं हॉटेल आहे, आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तसंच ते सगळ्यांशी बोलतात. "बाळ, तुझ्या भावना आम्हांला समजतात. पण हा धोरणाचा विषय आहे. आणि मुली कामाला जातात हा वेगळा प्रश्न आहे, तो आज विषयपत्रिकेवर नाही." मग सभेकडे वळून, "मुलं आता बोलायला लागली आहेत, हे ऑनलाइन शिक्षणाचं यशच म्हणायचं." लोक हसले. नानाकाका उठून आले आणि त्यांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. आईनं त्यांचा हात बाजूला केला. एवढंच. पण त्यांच्या हाताला आईनं हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नंतर शाळा बंदच ठेवा म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. जे हात वर आले त्यात हॉटेलवाले होते, सलूनवाले होते, आदल्या दिवशी त्याच दालनात जेवून गेलेले वऱ्हाडी होते. परिस्थितीचा आढावा घेऊन योग्य वेळी निर्णय घेण्यात येईल, असा ठराव झाला, म्हणजे शाळा बंद. मग चहा आणि बटाटेवडे आले. मास्क खिशात गेले आणि सगळे टेबलाभोवती असे दाटले की मागच्याला वडा हातावरून हातावर पोचवावा लागला.

बाहेर पडताना गुरव बाई गाठ पडल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "कोळंबी सोलायला कोण जातं? सानिका?"

मी मान हलवली.

"मला वाटलं फोन नाही म्हणून तासाला येत नसेल." "मी खोलीला नाही म्हटलं गो. तुला शिकवायला नाही म्हटलं नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी निरोप धाडला की ज्याला यायचंय त्यानं ओहोटीला किनाऱ्यावर यावं. मांडवीची वाळू काळी. पाणी मागं हटलं की ती ओली, घट्ट आणि गुळगुळीत होते, पाटीसारखी. बाई चपला काढून हातात काठी घेऊन उभ्या राहायच्या आणि आम्ही त्यांच्यापासून आणि एकमेकांपासून लांबलांब, वाऱ्याच्या उलट तोंड करून. भूमितीला इतकी मोठी जागा मी तोपर्यंत बघितली नव्हती. खुंटी रोवायची, दोरी बांधायची आणि धावत वर्तुळ काढायचं. जीवेच्या मध्यातून निघालेला लंब वर्तुळाच्या केंद्रातूनच जातो हे मी पायांनी चालून शिकले. बीजगणिताची समीकरणं एवढी लांब लिहायचो की शेवटापर्यंत जाऊन परत यायला वेळ लागे. आवाज ऐकू जावा म्हणून बाईंना ओरडावं लागायचं, आणि ज्या बाई वर्गात कधी ओरडल्या नाहीत त्या किनाऱ्यावर लाटांच्या वरताण ओरडायच्या. घसा बसायचा. दुसऱ्या दिवशी परत यायच्या. ओहोटीची वेळ रोज थोडी पुढं सरकते, तसा आमचा तासही सरकायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी डोक्यावर टॉवेल घेऊन, आणि कधी संध्याकाळी.

ओहोटी संध्याकाळी असली की सानिका यायची. कंपनीची गाडी तिला वर रस्त्यावर सोडायची आणि ती तशीच खाली उतरायची, अंगाला बर्फाचा आणि क्लोरीनचा वास घेऊन. बोटांची टोकं पांढरी पडून सोललेली. काठी धरताना तिला झोंबायचं, पण ती दुसऱ्याला काठी द्यायची नाही. सकाळच्या वेळी आम्ही काय केलं ते तिला ठाऊक नसायचं, तरी उदाहरण आमच्या आधी सोडवायची. बाई तिला एकदाच म्हणाल्या, "तुझं डोकं कोळंबीवर खर्ची पडतंय." सानिका हसून म्हणाली, "डोकंच काढतो ना आमी तिथं, बाई. कोळंबीचं." त्यावर आम्ही सगळे हसलो आणि बाई हसल्या नाहीत.

हे काय चाललंय ते आख्ख्या मांडवीला दिसत होतं. किनाऱ्यावर माणसं भेळ खात होती, घोड्यावर बसून फोटो काढत होती, क्रिकेट खेळत होती. त्यांचं कुणाला काही वाटलं नाही. पण मुलं समीकरणं सोडवतायत म्हटल्यावर तक्रारी सुरू झाल्या. आमच्या घरात तक्रार करणारे घरातच होते. "उद्या काय झालं तर नाव आपल्या घराचं येणार," नानाकाका म्हणाले. त्यांनी अण्णासाहेबांना फोन केला हे मला नंतर कळलं, त्यांनीच अभिमानानं सांगितल्यामुळं.

अण्णासाहेब फिरायला आल्यासारखे आले, पांढरे बूट घालून, आणि बूट भिजू नयेत म्हणून कोरड्या वाळूत थांबून त्यांनी बाईंना हाक मारली. बाईंनी हातातलं वर्तुळ पुरं केलं आणि मग त्या गेल्या. आम्ही जागेवरून हललो नाही, पण वारा आमच्याकडे येत होता.

"बाई, हे काय आहे?"

"भूमिती."

"संस्थेची परवानगी घेतली होती का? शाळा बंद ठेवायचा ठराव झालाय. तुम्ही स्वतः त्या बाजूनं बोललात."

"शाळा बंदच आहे. ही शाळा नाही. मी फिरायला येते, तुम्ही येता तशी. मुलंही येतात."

"शब्दांशी खेळू नका. कुणाला काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या.

त्या भल्या मोठ्या सभेत हे उत्तर कुणी दिलंच नव्हतं, त्यामुळं त्याला पुढं काय म्हणतात हे अण्णासाहेबांना माहीत नसावं. "लेखी द्याल?" त्यांनी विचारलं. "काठीनं लिहून देऊ का?" असं बाईंनी विचारलं, आणि त्या थट्टा करत नव्हत्या. अण्णासाहेब बूट सांभाळत परत गेले. पुढं बाईंना कारणे दाखवा नोटीस आली, त्यांची पगारवाढ अडली, पण तास अडला नाही.

तास अडवला तो रोगानंच. शिमगा झाला आणि दुसरी लाट आली, आणि ती पहिलीसारखी नव्हती. आता बातम्या टीव्हीवरून नाही, आळीतून यायच्या. बाईंनी स्वतःच सगळ्यांना निरोप दिला की आता कुणी यायचं नाही, घरात बसा. ज्या बाईंना लोक बेजबाबदार म्हणत होते त्यांनी आपला वर्ग सरकारच्या हुकमाआधी बंद केला. अण्णासाहेबांचं हॉटेल हुकूम आल्यावर बंद झालं.

सुमनमावशी आजारी पडली. बरेच दिवस ती ऑक्सिजनवर होती. वाचली, पण पाटी उचलून चार पावलं चालली तरी धाप लागायची, आणि मच्छीमार्केटातली तिची जागा दुसरीनं धरली. नानाकाकांनाही झाला. तो त्यांना आम्ही कुणी दिला नाही, जेटीवरच्या त्यांच्या मित्रांनी दिला. दोन दिवस ताप, मग नुसता खोकला. पण त्या दोन दिवसांत ते फार घाबरले होते आणि आईचा हात धरून मुलासारखे रडले होते. तेव्हा मला त्यांची दया आली. बरे झाल्यावर ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि काढ्यामुळंच वाचलो असं फोनवर सगळ्यांना सांगू लागले, आणि माझी दया ओसरली.

घर आता सानिकावर आलं. कंपनीत ती जास्तीचं काम धरू लागली. बाई तिच्या घरी जायच्या, पडवीत बसायच्या. पुढं बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म त्यांनी दोनदा आणून दिला. एकदा सुमनमावशी परत आजारी होती आणि एकदा सानिकानंच नको म्हटलं. आज ती त्याच कंपनीत आहे. आता वय विचारलं तर तिला खोटं सांगावं लागत नाही.

शाळा उघडली ती मी दहावीत असताना, पावसाळा संपता संपता. त्यासाठी वेगळी सभा घ्यावी लागली नाही. कंटाळा आला की संमती आपोआप मिळते. गेटवर रांगोळी होती, केळीचे खांब होते, कपाळाला पिस्तुलासारखं यंत्र लावून ताप बघत होते. अण्णासाहेबांनी फीत कापली. प्रत्येकाच्या हातात एक गुलाब देऊन ते म्हणाले, विद्यार्थी हाच आमचा देव आहे. देव दीड वर्ष कुठं होते ते कुणी विचारलं नाही. नानाकाका खास इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि शेजारच्या माणसाला सांगत होते की पोरांचं नुकसान त्यांच्याच्यानं बघवत नव्हतं. गुरव बाई मागं उभ्या होत्या. त्यांना कुणी गुलाब दिला नाही.

वर्गात गेलो तर प्रत्येक बाकाच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या रंगानं फुली मारलेली. एका बाकावर एकच मूल. पेपरचा फोटोग्राफर आला, त्यानं आम्हांला मास्क नीट वर घ्यायला लावले, मागच्या मुलांना पुढं बसवलं आणि दारातून फोटो घेतला.

संध्याकाळी मी रस्त्यावर जाऊन कंपनीच्या गाडीची वाट बघत थांबले. सानिका उतरली. हातात डबा, डोक्यावर अजून ती प्लॅस्टिकची टोपी. मी तिला सगळं सांगितलं, रांगोळी, फीत, देव, काकांचा शर्ट. ती हसली, नक्कल करून दाखव म्हणाली, मी दाखवली. मग आम्ही घराकडे चालू लागलो.

"माझ्या जागेवर कोण बसवलाय?" तिनं विचारलं.

"कोण नाय. एका बाकावर एकच बसवतात."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

"बरंय," ती म्हणाली, आणि टोपी काढून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आमचा वर्ग त्यात फार शिस्तीत दिसतो. प्रत्येक बाकावर एक मूल आणि एक मोकळी जागा. त्यातली नियमाची मोकळी जागा कुठली आणि सानिकाची कुठली, ते फोटोवरून सांगता येत नाही.